सूनबाईंचा पायगुण

मॅचच्या दिवशी पिंपरीतल्या आमच्या कंपनी क्वार्टरमध्ये घरचे आणि नवऱ्याच्या शिफ्टमधले सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसले होते. भज्यांचा पहिला घाणा काढून मी ताट बाहेर नेलं आणि जरा टेकले, तोच आपली विकेट पडली. मी निमूट आत आले, कढईत भजी सोडली, आणि बाहेर चौकार बसला. झालं!

"वहिनीचा पायगुण चांगला आहे, पण स्वयंपाकघरातच," दीर म्हणाला. सगळे हसले. मला वाटलं, थट्टा आहे.

पण कांदाभजी संपली तशी बटाट्याची सुरू झाली, मग मिरचीची. घाम पुसत दारात आले तरी ओरडा व्हायचा, "वहिनी, आत, आत!" चुलीत गेला तुमचा पायगुण, असं मनात म्हणत मी पुन्हा झारा उचलायचे. ओट्यापासून टीव्हीची नुसती पाठ दिसायची, आणि त्याच्याकडे डोळे लावलेली तोंडं. चेंडू कुठं गेला ते मी त्या तोंडांवरून ओळखत होते. बेसन संपलं, तर नवरा शेजारून वाटीभर आणायला गेला, तोही पाठमोरा चालत, टीव्हीवरची नजर न काढता.

आपण जिंकलो, आणि मी कायमची अडकले.

"पुढच्या मॅचलाही जागा सोडायची नाही हं, सूनबाई," सासरे भजं चावत म्हणाले.

तो टीव्ही माझ्या वडिलांनी लग्नात दिला होता. पोरीला क्रिकेटचं वेड आहे, म्हणून.