फळीवरची बाई

महायुद्धाच्या दिवसांत मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. काय काम करता असं कुणी विचारलं की मी "पुस्तकं काढून देतो" असं सांगे, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडे. हा गृहस्थ दिवसभर कपाटाशी बसून जांभया देत असणार, असं त्याला वाटत असावं. आता त्याला काय सांगणार! संशोधन करणारं माणूस हातात चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आलं, की माझ्या कानात वारं शिरायचं. आपल्याकडे असलेलं पुस्तक कुणीही देईल. आपल्याकडे नसलेलं कुठे असेल, कुणाच्या माडीवर, कुठल्या देवळात, ते हुडकून काढण्यात खरी मजा. "स्वतःची टोपी सापडत नाही तुम्हाला," असं आमच्या घरून नेहमी ऐकू येई, आणि ते खरंही होतं.

त्या वर्षी एक तरुण बाई जुन्या मराठी काव्यावर प्रबंध लिहीत होत्या. एका जैन कवीची ओवीबद्ध कथा त्यांनी निवडली होती आणि तिची हाताने लिहिलेली एकच प्रत आमच्या ग्रंथालयात होती. कथा अशी की एका व्यापाऱ्याचं तारू समुद्रात फुटतं, सगळे बुडतात आणि त्याची बायको एका फळीला धरून तरंगत राहते. इथे आमची प्रत संपे. पुढची पानं कधी गेली, कोण जाणे. त्या बाई एकदा मला वैतागून म्हणाल्या, "किती वर्षं झाली, बिचारी तुमच्या कपाटात तरंगतेच आहे."

मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं, की शेवट मिळाल्याशिवाय प्रबंध पुढे जायचा नाही. त्यातच बाईंच्या यजमानांची बदली दूर झाली. पावसाळ्याआधी बिऱ्हाड हलवायचं ठरलं. एकदा संसार तिकडे गेला की पुन्हा ही कपाटं, ही पोथी, हे काम कुठलं? बाई रडल्या नाहीत. टेबलावरचे कागद सारखे करत बसल्या, आणि ते मला रडण्यापेक्षा अवघड गेलं.

मी वाशीमचा. शिरपूर जैनच्या अलीकडे आडवाटेला माझं आजोळ. बाईंचे ते कागद पाहता पाहता एकदम आठवलं, की लहानपणी आजोळच्या जैन मंदिराच्या ओट्यावर उन्हाळ्याच्या शेवटी पोथ्या मांडलेल्या असत. ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीला, म्हणजे पोथ्यांच्या पूजेच्या दिवशी, शास्त्रांच्या भांडाराचं कुलूप उघडत, पोथ्यांना वारा देत, जुनी बासनं सोडून नव्या कापडाची बांधत. बासनं म्हणजे पोथीभोवतीचे चौकोनी रुमाल. त्यासाठी घरोघरून नवं कापड येई. संध्याकाळी कुलूप लागलं की ते पुढच्या पंचमीलाच उघडायचं. मी खुर्चीतून उठलोच. मामाला पत्र टाकलं, त्याने मंदिरातली यादी पाहून चौकशी केली, आणि उत्तर आलं: आहे! व्यापाऱ्याची ती कथा तिथे आहे, शेवटासकट! त्या दिवशी मी ग्रंथालयात मोठ्याने ओरडलो. ग्रंथपालांनी चष्म्याच्या काचेवरून पाहिलं तेव्हा मी शांततेच्या पाटीखालीच उभा होतो.

पंचमी जवळ आली होती. मोठ्या मिनतवारीने आमची प्रत बाहेर न्यायची परवानगी काढली. बाईंच्या बरोबर त्यांच्या सासूबाई निघाल्या. त्यांचं माहेर मेडशीचं, त्यामुळे या प्रवासावर त्यांचा हक्कच होता. पण प्रबंधाचं त्यांना मुळीच कौतुक नव्हतं. "एका बाईपायी तीन मानसं हिंडून राह्यले," त्या अकोल्याच्या स्टेशनावर म्हणाल्या, "आन् ते बाई बी खरी नाई."

अकोल्याहून पुढे मोटार. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चाले. मागे पिंपाएवढी शेगडी, ड्रायव्हर उतरून ती ढवळायचा आणि आम्ही धुरात बसायचो. पातूरच्या घाटात सगळ्या पुरुषांना उतरवून ढकलायला लावलं. मी एका हाताने ढकलत होतो, दुसऱ्या हाताने पोथीची पिशवी छातीशी धरलेली. मेडशी आली तशा सासूबाई खिडकीतून वाकून कुठलं झाड राहिलं, कुठलं तोडलं ते मोठ्याने सांगू लागल्या. मालेगावला मामाची बैलबंडी उभी होती. मला तर बैलांच्या पुढे पळत जावंसं वाटत होतं.

सकाळी आंघोळी करून आम्ही मंदिरात गेलो. आत चामडं चालत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. मोठ्या शहाणपणाने मी कमरेचा पट्टा, घड्याळ, पाकीट, सगळं मामाकडे काढून ठेवलं होतं. धोतराचा सोगा सावरत भांडाराच्या खोलीशी गेलो. किल्ली सांभाळणारे एक वृद्ध काका आत पाटावर बसले होते. पोथीला हात फक्त त्यांनी लावायचा, तोही आंघोळ करून. इतरांनी उंबरठ्याबाहेरून दर्शन घ्यायचं. आमच्यासाठी म्हणून त्यांनी बाईंना आणि मला आत बोलावलं.

"या भाचे, बसा. तुमची पोथी आना इकडे, शेजारी शेजारी ठिवून पाहू."

मी पिशवीतून आमची प्रत काढली. काकांनी पुढे केलेला हात तसाच मागे घेतला.

"हे काय हाय?"

"पोथीच आहे काका. बांधून घेतलेली."

"चामड्यात?" काकांचा आवाज बसला. "शास्त्र चामड्यात बांधलं तुमी?"

मी पोथीकडे पाहिलं. तपकिरी चामड्याची पाठ, तिच्यावर सोनेरी अक्षरं. आमच्याकडची पद्धतच ती. जे मोलाचं, ते चामड्यात. पट्टा काढला, घड्याळ काढलं, आणि जिच्यापायी एवढा खटाटोप ती पोथीच चामड्यात गुंडाळून काखेत घेऊन आलो होतो! "हा आमच्याकडे सगळ्यात मोठा मान असतो काका," मी कसंबसं म्हणालो.

"असन बाप्पा तुमच्याकडे. इथिसा ते उंबरठ्याच्या आत येत नाई."

रागावले नव्हते, पण विषय संपला होता. मी पोथी घेऊन उंबरठ्याबाहेर सरकलो. आमची पोथी बाहेर आणि काकांची आत, ताडून पाहायचं कसं? पुढच्या पंचमीला बाई इकडे नसणारच होत्या. मला तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात बाई उंबरठ्याबाहेर येऊन खाली बसल्या. आमची पोथी मांडीवर उघडली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही आतून वाचा. मी इथून पाहते. पोथ्यांना एकमेकींच्या शेजारी कशाला बसायला हवं?"

काकांच्या मिशा हलल्या. "हे जमते," ते म्हणाले.

आणि मग काय दिवस उगवला म्हणून सांगू! काका ओवी साधी वाचत नसत, चालीवर म्हणत. म्हातारा आवाज, पण खणखणीत. बाईंचं बोट आमच्या पानावर ओळीबरोबर धावे. शब्द वेगळा आला की त्या "थांबा!" म्हणत आणि मी तो टिपून घेई. आमच्या प्रतीत अर्थच लागत नव्हता अशी एक ओवी काकांच्या तोंडून अशी लख्ख आली, की आम्ही दोघं एकदमच हसलो. "काहून हासता?" काकांनी विचारलं. बाईंनी सांगितलं तसे काकाही हसले आणि ती ओवी पुन्हा म्हणाले, या वेळी जरा ऐटीत.

दर्शनाला आलेल्या बाया ओट्यावर टेकू लागल्या. नव्या कापडाचा तुकडा द्यायचा आणि निघायचं, असा बेत असलेल्या बसूनच राहिल्या. पोथ्यांची पूजा त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या, पण ही कथा त्यांनी ऐकलेली नव्हती. सासूबाई सुरुवातीला खांबाला टेकून पेंगत होत्या. तारू बंदरातून निघालं तशा सरळ बसल्या. वादळ सुटलं तेव्हा सरकत सरकत पार माझ्या पाठीशी आल्या होत्या.

तारू फुटलं. व्यापाऱ्याच्या बायकोने फळी धरली. बाईंचं बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि थांबलं. आमची पोथी संपली. काकांचा आवाज मात्र तसाच पुढे गेला.

कित्येक वर्षं कपाट उघडलं की मला ती बाई त्या फळीवर दिसायची, आणि आता ती हलली होती! बाईंनी पोथी मिटून माझ्याकडे दिली आणि लेखणी उचलली. चालीवरची ओवी काही लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही. मग आम्ही वाटून घेतलं, एक ओवी त्यांनी लिहायची, पुढची मी. काका म्हणत होते, आम्ही कागदावर पळत होतो, आणि मागे बायांचा श्वासही ऐकू येत नव्हता.

पण मधल्या पूजेत आणि जेवणात वेळ गेला होता. ज्येष्ठातला दिवस मोठा खरा, तरी तोही कलला. भांडाराला एकच लहान खिडकी. काका पान खिडकीकडे धरू लागले, मग डोळ्यांशी नेऊ लागले. दिवा लावण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसांत ज्योतीवर किडे येऊन पडतात, आणि जिवाची हत्या तिथे कुणाला चालली नसती. फळीवरच्या बाईला दूरवर किनाऱ्याची झाडं दिसली, एवढी ओवी झाली आणि काकांनी पान खाली ठेवलं.

"दिस मावयला बाई. आता दिसत नाई." त्यांनी नवं बासन पुढे ओढलं. "पंचमी झाली. आता पुढच्या साली."

बाईंच्या हातातली लेखणी तशीच राहिली. किती थोडी पानं उरली होती, ते आम्हा दोघांनाही समोर दिसत होतं. नियम त्यांचा, घर त्यांचं, आणि सकाळी चामडं घेऊन आलेला मी.

"थांबा." मागून सासूबाई म्हणाल्या. "ते बाई पान्यात तशीच ठिवून कुलूप लावता काय?"

"नियम हाय माय."

"मले नियम नोका सांगू. वाचन सुरू केल्यावर अर्धं सोडते काय कोनी? तुमच्याइथं सोडतेत?"

काका गोंधळले. "वाचन नोतं ते. आपून तं दोन पोथ्या ताडून पाहून राह्यलो होतो."

"मंग ह्या बाया सकायपासून काय ऐकून राह्यल्या?"

काकांनी ओट्याकडे पाहिलं. ओटा भरला होता, पायऱ्या भरल्या होत्या. एक लेकुरवाळी बाई पदराखालच्या पोराला थोपटत म्हणाली, "हाव ना काका. मले तं आज झोप नाई लागाची." दुसरी म्हणाली, "अर्धी कथा घेऊन घरी कशी जाऊ?" मग सगळ्याच बोलू लागल्या. काकांनी हातातलं बासन खाली ठेवलं. सकाळी पोथ्या उघडताना त्यांना वाटलं होतं, की शिकल्यासवरल्या माणसांचं काहीतरी काम आहे. ते वाचन होऊन बसलं होतं, आणि सुरू झालेलं वाचन अर्धं बांधून ठेवणं त्यांना कुलूप उघडं ठेवण्यापेक्षा जड होतं.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पुरं होईस्तोवर पंचमी सरली नाई समजा."

मी त्या ओट्यावर उडी मारली. खरंच मारली. धोतराला पट्टा नव्हता, तेव्हा ती जपूनच मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत अख्खं गाव लोटलं. शेतावर निघालेले पुरुषसुद्धा बैल बाहेर सोडून आले. काकांनी पहिली ओवी म्हटली, आम्ही लेखण्या सरसावल्या. फळीवरची बाई किनाऱ्याला लागली, रानातून चालली, आपल्या गावी पोचली, आणि शेवटी तिच्या घरच्यांनी तिला ओळखलं. सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी पाहिलं तशा म्हणाल्या, "पाहून काय राह्यले? लिवा!"

बाईंनी नव्या गावी, संसार मांडता मांडता प्रबंध पुरा केला आणि तो मान्य झाला. ग्रंथालयासाठी आलेली प्रत मी स्वतः बांधणाऱ्याकडे नेली. चांगला ग्रंथ पाहून त्याने सवयीने चामड्याकडे हात नेला आणि मी असा ओरडलो, की त्याच्या हातातली सुरी पडली. "कापड! नुसतं कापड! आणि अशीच आणखी एक प्रत बांधायची आहे."

ती दुसरी प्रत घेऊन आम्ही पुढल्या श्रुतपंचमीला निघालो. बाई खास त्यासाठी आल्या होत्या. सासूबाईंनी मेडशीहून नव्या कापडाचा चौकोनी तुकडा आणला होता, कडा हाताने दुमडून शिवलेला. काकांनी ग्रंथ उलटसुलट करून पाठ तपासली, मग माझ्याकडे पाहिलं आणि मिशांत हसले. ग्रंथ उंबरठ्याच्या आत गेला. सासूबाईंच्या कापडात बांधून त्यांनी तो त्या जुन्या पोथीला अगदी लागून ठेवला. आमच्या बाई बाहेर उभ्या होत्या, डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"सालातून एक डाव काढू बाहेर," काका म्हणाले. "आन् वाचू."

"पुरी वाचजा बरं," सासूबाई म्हणाल्या. "माह्या सुनेनं लय मेहनतीनं तिले किनाऱ्याले आनलं हाय."