शहादेव मास्तरांचा घरजावई

इसम नामे शहादेव वल्द सिदू, वय अंदाजे चाळीस, राहणार चौसाळ्यापासून अडीच कोसांवरचे एक गाव. पेशा मुदर्रिस, म्हणजे सरकारी शाळेचा मास्तर. रंग सावळा, उंची मध्यम, डाव्या घोट्यावर नारूचा व्रण. तक्रार एकच: वर्गातली मुले मोठ्याने हसतात, त्यामुळे शेजारी चावडीच्या कामात खलल पडतो.

हसण्याचं कारण दप्तरात नोंदलेलं नाही. त्या काळी दर पेरणीला निम्मा गाव पाय धरून बसायचा. बारवेच्या पायऱ्या उतरायच्या, पाण्यात पाय बुडवून घागर भरायची, तेच पाणी प्यायचं. वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर पडायचा. लोक त्याला देवाचा कोप म्हणत. मास्तरांनी त्याला नातं लावलं.

"नारू म्हंजे घरजावई," ते सांगत. "पाण्यातून गुपचूप घरात शिरतो. वरीसभर फुकट खातो, तोंड दाखवत न्हाई. आन् ऐन पेरणीत म्हनतो, मामा, मी निघालो!"

मुलं लोळायची.

"वढून काढला तर, मास्तर?"

"अर्धा मोडून आतच ऱ्हातो. जावईच त्यो!"

"मंग करायचं काय?"

"दारातच अडवायचा. घागरीच्या तोंडाला चौपदरी फडकं."

पोरांनी हे घरोघर पोचवलं. कौशल्याबाईंचा बिभीषण तर आईनं पाणी न गाळता आणलं की उंबऱ्यात आडवा पडायचा. "आये, जावयाला आत घिऊ नगंस!" गाव हसला, पण घागरींना फडकी लागली. तिसऱ्या पेरणीला पाय धरून बसलेलं कुणी सापडेना.

मग नांदूरघाटच्या वाटेनं पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. मास्तरांकडे सरकारचा उर्दूत छापलेला कागद आला होता: पाणी उकळून प्यावे. तो घेऊन ते दारोदार फिरले.

कौशल्याबाईंनी फडकं उंच धरून दाखवलं. "बगा, चौपदरी हाय. जावई भाईरच."

"बाई, ह्यो फडक्यात अडकत न्हाई. लई बारीक हाय, डोळ्यांना दिसत न्हाई. उकळल्याबिगर मरत न्हाई."

"दिसत न्हाई, तर तुमी कवा बगितला?" बाई हसल्या आणि पुढचं ऐकायला थांबल्या. पुढं काहीतरी गमतीचं येणार, याची त्यांना खात्री होती.

"हसू नका, बाई. पाया पडतो." मास्तर खरोखरच वाकले.

आतून बिभीषण खिदळला. मास्तरांची ही नवी नक्कल त्याला फार आवडली.

पुढच्या दारीही तेच. कुणी हाकललं नाही, कुणी उलट बोललं नाही; लोक प्रेमानं ऐकत होते आणि हसायचं कुठं याची वाट पाहत होते. एवढ्या पाण्याला सरपण कुठलं, असं एकदोघांनी विचारलं, तेवढंच. मास्तरांनी पटकीलाही एखादं नातं लावून पाहिलं. नारूचा विनोद जुळायला दोन वर्षं लागली होती. पटकीनं पाच दिवस दिले.

पाचव्या दिवशी सकाळी बिभीषणाला ढाळ लागले. कौशल्याबाई त्याला घोट घोट पाणी पाजत होत्या, दर वेळी नव्यानं गाळून. मास्तरांनी स्वतः चूल पेटवली, वर हंडा चढवला. पाण्याला उकळी फुटायच्या आत पोरगा गेला.

"मास्तर, फडकं तर धुतलेलं हाय," बाई म्हणाल्या. "मंग कावून?"

उत्तर मास्तरांना येत होतं. त्यांनी चुलीतली लाकडं तेवढी मागं ओढली.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेची तपासणी झाली. शेरा असा: "मुदर्रिस मेहनती आहे. इमारत ठीक. पाणी गाळून पिण्याचे महत्त्व मुलांना उत्तम समजले आहे. मात्र पटावरील हजेरीत बिलासबब (विनाकारण) घट दिसते. मुले शाळेत पाठविणेबाबत पालकांस सक्त ताकीद देण्यात यावी."

अकरा मुलं वारली होती.