पथारीवरचे भागधारक

शेअर बाजारात पैसे घालणारी माणसं देशात पुष्कळ असतील, पण कंपनी मिरचीच्या ढिगासारखी खालून हात घालून तपासणारा माणूस एकच, आणि नंदुरबारला मी त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू होतो. आमचे घरमालक, आप्पा. मिरची वाळवायच्या पथारीवर त्यांचा जन्म गेला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी, बी.कॉम.; हे मी अजूनही छाती काढून सांगतो. पण शेअर म्हणजे काय, ते मला आठवी नापास आप्पांनी शिकवलं. चौघांनी मिळून मिरचीचा ढीग घेतला की त्यातला एकेकाचा वाटा तो शेअर. नफा झाला तर चौघांचा, आणि अवकाळीत भिजली तर ती काही तिघांचीच भिजत नाही. "आणि रोजचा भाव?" मी विचारलं. "ती त्या दिननी गिऱ्हाईकनी मिजास शे," आप्पा म्हणाले.

भाव ते आठवड्यातून एकदाच, बाजाराच्या दिवशी पाहत. पसंत पडलेल्या कंपनीचा आधी एकच शेअर घेत, कारण तेवढ्यानेही वर्षाच्या सभेला बसायचा हक्क मिळतो. सभा मोबाईलवर असे. आप्पा त्या दिवशी इस्त्रीची टोपी घालत, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवत आणि अध्यक्ष दिसले की उठून नमस्कार करत. सभा संपेपर्यंत काकूंना मिक्सर लावायची बंदी.

"त्यासले तुम्ही दिसतस तरी का?" काकू विचारत.

"माले तर त्या दिसतस ना!"

कंपनीचा अहवाल मात्र ते शेवटच्या पानावरून वाचायला घेत. ढिगाच्या वरची मिरची सगळ्यांचीच लाल असते, काळी पडलेली बुडाशी निघते, ही पथारीवरची शिकवण.

एकदा मोबाईलच्या ग्रुपवर मला टीप मिळाली: पाइपची कंपनी, महिन्यात पैसे दुप्पट. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचे पैसे माझ्याकडे होते. दुप्पट झाले तर होस्टेलचाही खर्च निघाला असता. आप्पांनी अहवालाचं शेवटचं पान उघडलं. कारखान्याचा पत्ता अक्कलकुव्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत. "चाल, देखी येऊत," म्हणाले. मोटरसायकलवर गेलो. फाटकाला कुलूप, आत बकऱ्या चरताहेत. समोरचा टपरीवाला म्हणाला, "बे वरसथी बंद छे, काका." म्हणजे दोन वर्षं कुलूपच. आप्पांनी मला चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, "या बकऱ्यासमा वाटा लेवाना शे का तुले?"

मी पैसे घातले नाहीत. आणि तो शेअर पुढचे आठ दिवस रोज चढला! मी आप्पांशी बोलणं सोडलं, काकूंनी दिलेली भाजीसुद्धा परत पाठवली. नवव्या दिवशी शेअर कोसळला. विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा एकही नाही. टीप देणारा ग्रुपच गायब. आठ दिवस रागाने बोललो नव्हतो, नंतरचे पंधरा दिवस लाजेने बोललो नाही.

बहिणीची ॲडमिशन झाली त्या दिवशी माफी मागायचीच, असं ठरवून खाली गेलो. दारात चपला काढत होतो. आप्पांनी वरही न पाहता विचारलं, "बहीणनी ॲडमिशन झायी का?"

"झाली, आप्पा."

"मंग आते बोलत जाय रे भो मन्हासंगे. या घरमा मन्हं कोनी ऐकत नही."

बहीण आता नोकरीला लागली आहे. आप्पा सुरतेला मुलाकडे, पाचव्या मजल्यावर असतात. माफी मागायची त्या दिवशी जी राहिली ती राहिलीच. दर फोनला ठरवतो, आज सांगायचं. पण ते आधी तिची ड्युटी दिवसाची की रात्रीची, पोरगी जेवली का, हेच विचारत बसतात, आणि मी तिच्या ड्युटीचं वेळापत्रक सांगून फोन ठेवतो.