मेथी निम्मी, चिंचोके निम्मे

लग्न होऊन नागपूरला आले, त्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला कागदाच्या लगद्याचं टोपलं करायला सांगितलं. लगदा चिकटावा म्हणून त्यात मेथी वाटून घालतात. मेथी महाग, म्हणून मी कुणाला न विचारता निम्मी मेथी आणि निम्मी चिंचोक्याच्या पिठाची खळ घातली.

टोपलं वाळल्यावर सासूबाई त्यात गहू भरू लागल्या. तळ फाटला असता तर माझ्या माहेरचा उद्धार ठरलेला होता.

त्यांनी भरलेलं टोपलं उचललं, हुंगलं.

"मेथीचा वास कमी काहून येते वं?"

मी खरं ते सांगितलं.

"मंग मले आधी काहून नाही सांगितलं? इतके वर्षं मी नुसती मेथीच घालून राहिली."

तरी वर्षभर गहू काढण्याआधी मी तळ चाचपत असे.