तपासणीपुरता मालक

"इथे नका बसू," कारखानेवाल्या काकांचा मुलगा म्हणाला. "थांबा, तुमच्यासाठी दुसरी खुर्ची आणतो."

मी अर्धा बसलो होतो. तसाच उठलो.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना त्या दिवशी माझा होता. गेटवर माझ्या फर्मची पाटी तारेने बांधली होती. हॉलमध्ये रबरी हातमोज्यांचे साचे फिरत होते, तेही माझेच. कामगारांना सांगून ठेवलं होतं, सरकारी माणसांनी विचारलं तर मालक म्हणून माझ्याकडे बोट दाखवायचं. सगळं माझं होतं. फक्त खुर्ची नव्हती.

"काय आहे ना अंकल, ही बाबांची गादी आहे. दिवाळीला पूजा होते तिची. राग नका मानू."

त्याच्या आवाजात तिरस्कार नव्हता. पाहुण्याला, देवघरात चप्पल काढून या, असं सांगावं तसं तो सांगत होता. दोन कामगारांनी ती खुर्ची आतल्या खोलीत नेली आणि हॉलमधली लोखंडी खुर्ची आणून ठेवली. मी बसलो.

मग मॅनेजर एक तसबीर घेऊन आला. निळा कोट, हातात पुस्तक. आमच्या वस्तीत घराघरांत असते ती. काचेवर दुकानाचा स्टिकर तसाच होता. भिंतीवरचा गणपती उतरवून त्याच खिळ्याला त्याने ती लावली आणि मागे सरून बघितलं.

"आता वाटतंय," तो म्हणाला. "तुमच्या लोकांकडे असतोच ना हा फोटो?"

काका दारात उभे होते. "हार पण घाला रे," ते म्हणाले. "नीट करा सगळं."

तपासणीचे अधिकारी आले. साचे बघितले, तसबीर बघितली. "तुम्हीच मालक?" मी हो म्हणालो. सही केली. चहा झाला. ते गेल्यावर मॅनेजरने तसबीर उतरवली आणि बाथरूमच्या बोळात, झाडू ठेवतात तिथे, भिंतीला टेकवून ठेवली. पुढच्या वेळी लागेल म्हणून.

मी ते बघितलं. मला काही वाटलं नाही. आज लाज वाटते ती त्या काही न वाटण्याची.

मी बौद्ध. वडील रत्नागिरीकडून आले, गिरणीत लागले. गिरणी बंद पडल्यावर आई जोगेश्वरीच्या खोलीत शिवण करायची. तिच्याकडून मी शिकलो. पुढे माझी स्वतःची छोटी शिलाईची जागा झाली. हॉस्पिटलचे अ‍ॅप्रन शिवायचो. सरकारी खरेदीतला काही हिस्सा आमच्या जातींच्या उद्योजकांसाठी राखीव झाल्याचं कळलं तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून खरेदी खात्यात गेलो होतो. खरंच टेंडर भरायला गेलो होतो.

टेबलामागच्या माणसाने अटींवर बोट ठेवलं. "एवढा माल काढणारा कारखाना आहे का? राखीव म्हणजे फुकट नव्हे."

ऑर्डर मिळायला कारखाना हवा. कारखाना उभा करायला ऑर्डर हवी. मी जिना उतरलो.

खाली काका भेटले. मुलुंडला राहणारे, मऊ बोलणारे, सगळ्यांचे काका. वर्षानुवर्षं सरकारला माल पुरवणारे. त्यांनी मला चहा पाजला. "नाव तुमचं, माल माझा," म्हणाले. "दोघांचं भलं." माझा जातीचा दाखला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, उजेडात धरला. "सोनं आहे हे," ते म्हणाले. "आमच्या नशिबात नाही."

मी हसलो. मला तो मान वाटला.

त्या दिवसापासून माझ्या डिजिटल सहीचा पेन ड्राइव्ह काकांच्या ड्रॉवरमध्ये राहिला. माझ्या नावाने टेंडर भरलं जायचं, मला नंतर कळायचं. माझा वाटा वेळेवर यायचा. मुलीचं कॉलेज त्यातून झालं. शिलाई मशीनवर चादर टाकली ती टाकलीच.

माझी वहिनी, सुमन, घाटकोपरला सफाई खात्यात आहे. भाऊ गेल्यावर त्याच्या जागी लागली. सकाळी चौकीवर हजेरी लावायची, मग कचरा उचलायचा. एक दिवस चौकीवर हातमोज्यांची नवीन पाकिटं आली आणि त्यांवर माझ्या फर्मचं नाव होतं. वहिनीने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. माझ्या दिराची कंपनी. एक रिकामं पाकीट तिने घरी नेऊन कपाटाच्या दाराला चिकटवलं.

मोजे आठवडाभरात फाटू लागले.

"सुमन, तुझ्या दिराने मोजे पाठवलेत की फुगे गं?" बायका म्हणायच्या.

"तुझे हातच राक्षसाचे, त्याला तो काय करणार?" वहिनी म्हणायची आणि एकावर एक दोन जोड घालायची.

दोन्ही जोड फाडून फुटलेल्या ट्यूबलाइटची काच तिच्या उजव्या तर्जनीत गेली. मुळाशी. आतली शीर तुटली. टाके पडले, जखम भरली, पण ते बोट आता वळत नाही. भाकरी थापताना ते सरळच राहतं.

मी भेटायला गेलो तेव्हा ती हात उशीवर ठेवून बसली होती. म्हणाली, "भावजी, काळजी नका करू. मी चौकीवर सांगितलं, मोजे घातलेच नव्हते. उगाच तुमचं नाव कशाला?"

खात्याने तिचं तेच म्हणणं धरलं. सुरक्षेची साधनं दिलेली असताना वापरली नाहीत, असा मेमो तिला मिळाला. जखमी रजा नामंजूर. बोटाची भरपाई नामंजूर. चूक तिची.

मी काकांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी दिलं.

"करा ना तक्रार," ते म्हणाले. "पण कोणाविरुद्ध करणार? पुरवठादार तुम्हीच आहात."

मी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"आणि एक सांगू? लोक टपलेलेच आहेत, राखीव काढून टाका म्हणायला. तुम्ही बोललात की त्यांना आयतं कोलीत मिळालं. तुमच्याच समाजाचं नुकसान." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. स्वच्छ शर्ट घालून या."

आमची भीती त्यांना आमच्यापेक्षा चांगली ठाऊक होती. मी स्वच्छ शर्ट घालून गेलो. काही बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. तसं सांगितलं तर ते खोटं होईल.

या वेळी लोखंडी खुर्ची आधीच मांडलेली होती. तसबीर लागली होती. हार मागचाच, प्लास्टिकचा. अधिकारी म्हणून एक मॅडम आल्या होत्या. त्या पटापट रकाने भरत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "तुम्हीच मालक ना?"

"नाही."

त्यांचं पेन पुढे गेलं होतं. ते थांबलं. "नाही म्हणजे?"

"कारखाना माझा नाही. मालक ते, दारात उभे आहेत ते. माझं फक्त नाव आहे. आणि जात."

काका हसले. "मॅडम, मस्करी करतात हे."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, विचार करून बोला. मला हे लिहावं लागेल. मग काळ्या यादीत तुमचंच नाव जाईल."

"लिहा."

"सही कराल खाली?"

"करतो."

मी सही केली. छाती भरून आली वगैरे काही झालं नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावावा तसं ते झालं.

"ए," काका म्हणाले. "तुझी लायकी काय होती रे? जोगेश्वरीत टाके घालत होतास."

इतकी वर्षं ते मला 'तुम्ही' म्हणत होते. त्या 'तुम्ही'च्या आत हेच होतं. बाहेर आलं ते बरं झालं.

माझी फर्म आता काळ्या यादीत आहे. चौकशी लागली आहे. मोजे निकृष्ट होते आणि सुमन वहिनीने ते घातले होते, असं मी प्रतिज्ञापत्र दिलं आहे. मेमो अजून मागे घेतलेला नाही. वहिनी माझ्यावर चिडली आहे. "भावजी, मी एवढं झाकलं आणि तुम्ही उघडं केलंत," म्हणाली. कपाटावरचं पाकीट तिने खरवडून काढलं. बायको कामापुरतं बोलते.

काकांचं काही अडलेलं नाही. त्यांना दुसरं नाव मिळालं. नाहूरचा माणूस आहे, आमच्यातलाच. मी त्याला ओळखतो. फोन केला, यातून बाहेर पड म्हणालो.

"तू पोटभर खाल्लंस आणि आता आम्हाला उपास शिकवतोस?" तो म्हणाला.

खरं आहे त्याचं.

सुनावणीला मी वकील नेणार नाही. शिक्षा कमी करा म्हणणार नाही. आधी वहिनीच्या मेमोवर 'मोजे घातले होते' असं लिहा, एवढं मागणार. मग विचारणार, राखीव ऑर्डर लहान तुकड्यांत का देत नाही, जोगेश्वरीतल्या शिलाईवाल्याला झेपेल अशी? तपासणीला आधी कळवून का जाता? खुर्चीतल्या माणसाला मालक कोण विचारता, साच्यापाशी उभ्या कामगाराला पगार कोण देतो ते का विचारत नाही? हा हिस्साच बंद करा असं तिथे कोणी म्हणालं, तर मी खाली बसणार नाही. तो आमचा आहे. तो विकणाऱ्यांत मी होतो, म्हणून मला बाहेर काढा. हिश्शाला हात लावू नका.

आणि नाहूरच्या माणसाचं नाव मी सुनावणीत घेणार आहे. त्याला मुलं आहेत, घराचे हप्ते आहेत, मला माहीत आहे. तो माझ्या जातीचा आहे म्हणून त्याला आधी सांगितलं. नाव घेणार.