सुरंगीखालची सकाळ

वडिलांची होडी समुद्रातून परत आली नाही, त्यानंतर आई कधी देवळात गेली नाही. आज सकाळी मालवणच्या बाजारात सुरंगीचे वळेसार, म्हणजे गजरे, विकायला आले होते. त्यांच्या वासाने त्या वर्षीची एक सकाळ आठवली.

आई परसातल्या सुरंगीखाली डोळे मिटून बसली होती. फुललेल्या फांद्यांतून मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव येत होता. तिने पूर्वीसारखं देवळात जावं म्हणून मीच शेजारच्या काकीला बोलावून आणलं होतं.

"चल गो देवळात," काकी म्हणाली.

"माका आता देव नको. हयच बरा वाटता."

"झाड काय बोलता तुझ्याशी?"

"गप बसलंस तर तुकाय ऐकाक येयत."

काकी हसली आणि तिच्याशेजारी टेकली. दोघी तो गुंजारव ऐकत बसल्या. आईचा चेहरा निवला होता. मला मात्र तेव्हा वाटलं, ही आपल्यापासून दूर चालली आहे. आज त्याच सावलीत तिच्याजवळ बसावंसं वाटतं. आता आई नाही, झाडही नाही.

बाजारात विकणारी बाई वळेसारांवरच्या मधमाश्या फडक्याने हाकलत होती.

"रवांदेत गो," मी म्हटलं.

तिने फडकं खाली ठेवलं.