शिबिरात आलेला आंबाडीचा ढेकर

वजन उतरवायच्या शिबिरात पहिल्याच दिवशी मी काट्यावर चढलो तो सोडायला आलेल्या बायकोची पर्स खांद्याला अडकवून. शंभर किलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "काका, आधी काकूंची पर्स द्या." सत्त्याण्णव. त्या पर्समध्ये काय असतं हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही, पण सांगायचं गूढ ते नाही.

मी बोरी अरबचा, बी-बियाण्यांचा दुकानदार. काट्यावर भरेल तेवढंच खरं मानणारा. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी पाच किलो उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून पुसदजवळच्या या दहा दिवसांच्या निवासी शिबिरात आलो. मोबाईल जमा. दुपारी दुधीचं सूप. त्याआधी भूक किती, हे वहीत लिहायचं. बाहेरचं खाताना सापडला, की घरी रवानगी.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता, सूप यायच्या आधीच माझं पोट भरलं... पंगतीतून उठल्यासारखं. वर ढेकर — आंबाडीच्या भाजीचा.

शेजारी घाटंजीचे एक मास्तर होते. म्हणाले, "भाऊ, एकटेच हाणून राह्यले का? आमाले बी द्या ना थोडं."

मॅडमनी ऐकलं. माझी बॅग उपसली, मोजे निघाले. "पुन्हा असं झालं तर घरी पाठवीन," म्हणाल्या. म्हणजे ऑपरेशनही हुकलं असतं. पुढे मी रुमालात ढेकर देऊ लागलो, वहीत मात्र कशाची चव आली तेही खरं लिहीत गेलो; वही कोणी तपासत नव्हतं. फक्त सहाव्या दिवशी पोट रिकामं... भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी.

शेवटी काटा एक्याण्णववर. ऑपरेशन ठरलं.

घरी गंमत म्हणून सांगितलं, तर भाकरी थापता थापता बायकोचा हात थांबला.

"अवो, तुमी तिथं उपाशी, मले घास उतरत नव्हता. तिसऱ्या दिवसापासून रोज बारा वाजता तुमच्या नावाचं ताट गायीले देत होती मी."

"अन् सहाव्या दिवशी?"

"त्या दिवशी लग्नाले गेलती ना."

मी वही दिली. आंबाडी, मग वांगं... एकेका ओळीला ती मान हलवत होती. पाचव्या दिवसावर अडली. तिथं माझ्या अक्षरात होतं — 'पिठलं. अळणी.'

"मीठ टाकाचं राह्यलंच होतं," ती हळूच म्हणाली.

आता, ताट गायीनं खाल्लं, पोट माझं भरलं, तरी वजन उतरलं कसं? मॅडम म्हणतात मनाचे खेळ. पण मनाला मीठ कसं कळावं? मला अजून उलगडलेलं नाही.

बायकोनं वही मिटली अन् भाकरी तव्यावर टाकली.

"तितक्या दूर बसून बी माह्या सैपाकाले नावंच ठेवली ना तुमी."